माइलस्टोन आणि मैलाचा दगड

निर्मळच्या तलावाजवळ आमचे एक स्नेही राहतात. त्यांची मुलगी नववीत आहे, मला काका म्हणते. मागे त्यांच्याकडे गेलो तेव्हा ती इंग्रजीची वही घेऊन रुसून बसली होती. 'माइलस्टोन' या शब्दाचा अर्थ लिहायचा होता. तिने लिहिले, 'रस्त्याच्या कडेचा अंतर सांगणारा दगड.' त्यावर लाल शाईची काट आणि बाजूला बाईंचे अक्षर, 'महत्त्वाची घटना'. धड्यातल्या वाक्यात तोच अर्थ होता, त्यामुळे बाई चुकल्या असे म्हणता येत नाही. पण पोरीचा गुण गेला आणि प्रश्न तसाच राहिला. "काका, दगडाची घटना कशी झाली?"

मला माझे लहानपण आठवले. आमच्या घरातली एक वृद्ध बाई हज करून आली होती. सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये फेऱ्या घालताना 'मीलैन अख्जरैन' येतात, तिथे पुरुषांनी धावायचे असते, असे ती सांगायची. 'मील' म्हणजे मैल एवढेच मला ठाऊक होते. दोन हिरवे मैल धावणारे लोक माझ्या डोळ्यांसमोर उभे राहायचे आणि मैल हिरवा कसा हे काही कळायचे नाही. फार पुढे समजले की तिथल्या 'मील'चा अर्थ खूणखांब. दोन हिरव्या खुणा. बीबी हाजरा पाण्यासाठी जिथून धावल्या ती जागा त्या दाखवतात. आज तिथे हिरवे दिवे आहेत. मुलीने दगड धरला आणि घटना सोडली, मी अंतर धरले आणि खांब सोडला. चूक एकाच जातीची.

शब्दाचे मूळ रोमनांकडे आहे. त्यांचे सैन्य पावले मोजत चाले. डावा-उजवा मिळून एक 'पासुस', असे हजार झाले की एक मैल. लॅटिनमध्ये हजाराला 'मिल्ले' म्हणतात. आजच्या मापाने तो मैल साधारण 1480 मीटरचा होतो. दर हजार पावलांवर दगडी खांब रोवत. इ.स.पूर्व 20 मध्ये सम्राट ऑगस्टसने रोमच्या चौकात एक सोनेरी मैलखांबही उभारला. हाच शब्द पुढे अरबीत 'मील' झाला आणि अंतर व खांब असे दोन्ही अर्थ त्याला चिकटले. उमय्या खलिफा अब्दुल मलिक (इ.स. 685 ते 705) याने दमास्कस-जेरुसलेमच्या वाटांवर बसवलेले अरबी कोरीव लेखांचे मैलदगड सापडले आहेत. कूफा ते मक्का या हजच्या वाटेवरही असे दगड होते. त्या वाटेला हारून रशीदची पत्नी जुबैदा हिचे नाव आहे, कारण तिने वाटसरूंसाठी पाण्याची सोय केली. वाळवंटात असा दगड दिसणे म्हणजे पुढच्या पाण्यापर्यंत जीव टिकेल की नाही याचे उत्तर मिळणे. 'महत्त्वाची घटना' हा अर्थ कुठून आला असेल, ते इथे थोडे कळते.

आपल्याकडे मैल नव्हता, कोस होता. अकबराने आग्रा-अजमेर रस्त्यावर कोसाकोसाला मिनार बांधवले. जहांगीरनेही 1619 च्या सुमारास आग्रा-लाहोर रस्त्यावर दर कोसाला मिनार आणि दर तीन कोसांना विहीर असा हुकूम काढला. त्याआधी शेरशाह सूरने सराया बांधल्या. अब्बास खान सरवानीने त्यांचा आकडा 1700 दिला आहे, आणि त्यात हिंदू व मुसलमान वाटसरूंच्या जेवणाची वेगवेगळी सोय होती असेही लिहिले आहे. राज्यकर्त्याची मोठेपणाची कल्पना काय होती, हे अशा तपशिलात दिसते. लढायांच्या तारखा पाठ करून ते कळत नाही.

आपली भाषाही दर बारा कोसांवर बदलते म्हणतात. निर्मळच्या परिसरात सामवेदी, वाडवळी आणि शाळेतली मराठी कानावर पडायला बारा कोस चालावे लागत नाही. दिल्ली दूर असल्याची निजामुद्दीन औलियांची आख्यायिकाही अशीच. सुलतान ग्यासुद्दीन तुघलक कोसांचा हिशेब करत होता, औलिया वेगळेच अंतर सांगत होते. असो.

मैलाचे दगड आपल्याकडे आणले इंग्रजांनी. मुंबईत 1816 ते 1837 या काळात काळ्या बेसाल्टचे पंधरा-सोळा दगड रोवले गेले, त्यांवर रोमन आकडे. अंतर मोजले फोर्टमधल्या सेंट थॉमस चर्चपासून. हे चर्च 1718 चे. त्याच्याकडे जाणारी किल्ल्याची वेस ती चर्चगेट. वेस पाडली गेली, नाव स्टेशनला राहिले. आणि आज पश्चिम रेल्वेवर अंतर मोजतात ते चर्चगेटपासूनच. विरार 60 किलोमीटर, नालासोपारा चार कमी. म्हणजे निर्मळचा माणूस आपले गाव किती लांब ते सांगतो, तेव्हा तो एका पाडून टाकलेल्या वेशीच्या नावापासून मोजत असतो. शून्य कुठे धरायचे, हे रस्ता बांधणारा ठरवतो. दमास्कसच्या खलिफाने दमास्कस धरले, कंपनी सरकारने चर्च.

मुलीला मी हे सगळे सांगितले नाही, तिचा अभ्यास राहिला असता. पण एक गोष्ट सांगितली, कारण ती तिच्याच परिसरातली आहे. सोपाऱ्याला 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. 1956 मध्ये निर्मळजवळच्या भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. आठव्या लेखात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे शिकारीला आणि मौजेला जात, आपण धर्मयात्रा सुरू केली. त्या यात्रेत तो खरोखर चालत-फिरत होता, लोकांना भेटत होता, दान देत होता. 'यात्रा' शब्दाचे पाय जमिनीवरच होते, तरी अर्थ दुसरीकडे गेला. निर्मळच्या कार्तिकी यात्रेला येणाऱ्यांना यात वेगळे काही सांगावे लागत नाही. शंकराचार्यांच्या समाधीचे दर्शन होते आणि बाजारात खरेदीही होते. एक अर्थ दुसऱ्याला काट मारत नाही.

मापांचा कायदा 1956 मध्ये बदलला, दगडांवर किलोमीटर आले. भाषणांत मात्र 'मैलाचा दगड'च राहिला. आता तर नाट्यगृहाचे उद्घाटन, पुस्तकाचे प्रकाशन, पुलाचा एक खांब, सगळेच मैलाचे दगड. खऱ्या दगडावर दोन गोष्टी असतात, कुठे पोचलात आणि किती उरले. भाषणातल्या दगडावर दुसरी कधी नसते.

संध्याकाळी आम्ही सोपाऱ्याच्या रस्त्याने चालत निघालो. एका वळणावर तिलाच तो दिसला. डांबराचे थर चढून चढून गळ्यापर्यंत बुडालेला, वर पिवळ्या रंगाची किनार, आकडा पुसलेला. तिने बसून बोटाने माती खरवडली. 'कि.मी.' एवढे लागले, पुढचे काही लागेना.

"काका, हा कुठून मोजलाय?"

तिने वहीचे मागचे पान उघडले आणि दगडाचे चित्र काढायला बसली.