आधी नाका, मग झडती

भोर संस्थानचे तालुके पाच: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. कारभार पंत सचिवांचा. ८ मार्च १९४८ला संस्थान विलीन झालं, तोवर ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागू होत नसत. १९३९चा मोटार वाहन कायदाही त्यातलाच.

वाटेवर अडवणूक मात्र या मुलखाला नवी नव्हती. मराठेशाहीत सह्याद्रीच्या घाटवाटांनी जाणाऱ्या मालाला जकातीची चौकी चुकत नसे, आणि जकात ठरवायची तर गोणी सोडणं आलंच. थांबवणं आणि झडती घेणं ही तिथे एकच क्रिया होती.

मोटारीच्या कायद्याने ती तोडली. १९३९च्या कायद्यातलं कलम ८६ आणि १९८८च्या कायद्यातलं कलम १३० सांगतं ते एवढंच: गणवेशातल्या पोलिसाने मागितला की परवाना दाखवा. मागायचा तो कागद. सामानाचा विषयच नाही.

आज याच मुलखात मार्गासनीवरून तोरण्याला निघालेला तरुण विनाहेल्मेट सापडला, तर चलन फाटतं. पण गाडी अडकवून ठेवायची कारणं कलम २०७मध्ये मोजून दिली आहेत: नोंदणी नसणं, परवाना नसणं, परमिट नसणं अशी. त्यांत हेल्मेट नाही. श्वासचाचणीलाही प्यायल्याचा रास्त संशय लागतो. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम.

डिकीची गोष्ट वेगळी. तपासासाठी झडती घ्यायची तर फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६५ आधी कारणं लिहायला लावायचं. १ जुलै २०२४पासून त्याच्या जागी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८५ आलं: झडतीचं चित्रीकरण करायचं आणि ४८ तासांच्या आत नोंदीची प्रत दंडाधिकाऱ्याकडे पाठवायची. अमली पदार्थांच्या कायद्याने सार्वजनिक रस्त्यावर पोलिसांना बराच मोकळा हात दिला आहे, हेही खरं.

अमेरिकेत १९७९च्या प्राउझ खटल्यापासून एखादी गाडी निव्वळ कागद बघायला, काही संशय नसताना, मनाला येईल तशी थांबवता येत नाही. आपल्याकडे थांबवायला संशय लागत नाही. पोलिसांचा हात बांधला जातो तो गाडी थांबल्यानंतर. तोही कच्चाच, कारण ‘बघा ना साहेब’ म्हणत चालक आपणच डिकी उघडतो आणि कलम १८५ची नोंद मग कुणी मागत नाही.