आज्ञार्थाचे वाङ्मय : संगणकीय खेळांची रचना आणि सर्जनशील लेखन (१९७५–१९९०)

१

संगणकीय खेळाच्या रचनेत लेखकाचे स्थान कोणते, या प्रश्नाला सामान्यतः दिले जाणारे उत्तर ठरावीक आहे : अभियंता खेळाचे नियम घडवतो, चित्रकार त्यांना दृश्यरूप देतो आणि लेखक या तयार सांगाड्यावर कथेचे वस्त्र चढवतो. या उत्तरात लेखन हे अलंकरण ठरते. काव्याच्या संदर्भात आशय आणि अभिव्यक्ती यांची अशी फारकत मराठी समीक्षेने केव्हाच नाकारली आहे. खेळाच्या संदर्भात मात्र ती अद्याप निर्वेधपणे वावरते. तिची तपासणी करावयाची तर १९७५ ते १९९० या काळात अमेरिकेत लिहिल्या गेलेल्या मजकूरप्रधान साहसखेळांकडे वळणे उपयुक्त ठरते. या खेळांत चित्र नव्हते; पडद्यावर होता तो केवळ मजकूर. अवकाश, पात्रे, कृती, त्यांचे परिणाम हे सारे भाषेतच सिद्ध व्हावयाचे होते. लेखन वगळले असता उरणारा असा 'खेळ' येथे नव्हताच.

या रचनेचे व्याकरण लक्षणीय आहे. निवेदक द्वितीय पुरुषात आणि वर्तमानकाळात बोलतो : समोर कोणती जागा आहे, तेथे काय दिसते, हे सांगून तो थांबतो. मग वाचक कळफलकावरून एक वाक्य टंकित करतो आणि ते वाक्य आज्ञार्थी असते : उत्तरेला जा, दिवा लाव, दार उघड. 'पार्सर' नावाची आज्ञावली त्या वाक्याचे घटक वेगळे करून अर्थ लावते आणि निवेदक परिणाम सांगतो. कादंबरीच्या वाचकाला संहितेत एक शब्दही घालता येत नाही. येथे वाचकाचा आज्ञार्थ हाच संहितेचा घटक बनतो. साहजिकच लेखकाचे कामही पालटते. वाचक काय म्हणेल याची कल्पना करून त्याचे उत्तर त्याला आधीच लिहून ठेवावे लागते. यशाकडे नेणाऱ्या आज्ञा मोजक्या असतात. फसणाऱ्या, अप्रस्तुत, विक्षिप्त आज्ञांना अंत नसतो. निवेदकाचा स्वर घडतो तो मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या आज्ञांना दिलेल्या नकारांतून. या पंधरा वर्षांचा इतिहास हा आज्ञार्थाला वाङ्मयीन अर्थ प्राप्त होण्याचा इतिहास म्हणून वाचता येतो.

२

या परंपरेचा आरंभ विल क्राउदर यांच्या 'ॲडव्हेंचर' या खेळापासून मानला जातो. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे संगणकजाळ्याच्या उभारणीत गुंतलेले क्राउदर हे हौशी गुहासंशोधक होते. केंटकीतील मॅमथ गुहासमूहाच्या सर्वेक्षणात त्यांचा व त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया यांचा सहभाग होता. उभयतांच्या विभक्तीनंतर, १९७५–७६ च्या सुमारास, आपल्या मुलींना खेळता यावा म्हणून त्यांनी फॉरट्रॅन भाषेत हा खेळ रचला. १९७७ मध्ये स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स यांनी त्याचा विस्तार केला आणि तो विस्तारित पाठच सर्वत्र पसरला.

दोन लेखकांच्या या संहितेने पाठचिकित्सेचा एक प्रश्न निर्माण केला. वास्तव गुहेचे वर्णन क्राउदर यांचे आणि अद्भुत तेवढे वुड्स यांचे, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. क्राउदर यांची मूळ आज्ञावली स्टॅनफर्डच्या जुन्या संग्रहात सापडली, आणि २००७ मध्ये डेनिस जर्झ यांनी तिचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा ही वाटणी टिकली नाही : बुटके आणि कुऱ्हाड मूळ पाठातही होती, गुणांची मोजणी मात्र वुड्स यांची होती. म्हणजे कल्पित हे मागाहून चढवलेले वस्त्र नव्हते. सर्वेक्षकाची काटेकोर, कोरडी भाषा आणि अद्भुताची सूचना ही आरंभापासून एकाच गद्यात नांदत होती. मात्र येथील आज्ञार्थ दोन शब्दांचा होता आणि त्याचे कार्य वाटचालीपुरते मर्यादित होते. वाचक आज्ञा देत होता, परंतु त्या आज्ञेची जबाबदारी त्याच्यावर येत नव्हती.

३

पुढचा टप्पा एम.आय.टी. येथे १९७७ पासून रचल्या गेलेल्या 'झॉर्क'चा. या खेळाच्या पार्सरला पूर्ण वाक्ये समजत. त्याच्या कर्त्यांपैकी काहींनी सहकाऱ्यांसह १९७९ मध्ये 'इन्फोकॉम' ही संस्था स्थापन केली. घरगुती संगणकांची स्मृती तुटपुंजी असल्यामुळे संस्थेच्या आरंभीच्या खेळांची संपूर्ण संहिता १२८ किलोबाइटांच्या आत बसवावी लागे. या मर्यादेतून एक मितव्ययी गद्यशैली सिद्ध झाली : एका खोलीला एक परिच्छेद, एका नकाराला एक वाक्य. १९८२ च्या 'डेडलाइन' या रहस्यखेळात जो मजकूर डिस्कवर मावला नाही, तो पोलिसी कागदपत्रांच्या रूपाने खोक्यात घालण्यात आला. तांत्रिक अडचणीतून संहितेची सीमाच विस्तारली.

स्टीव्ह मेरेट्झ्की यांच्या 'प्लॅनेटफॉल' (१९८३) या खेळात आज्ञार्थाला प्रथमच भावनिक भार आला. निर्जन ग्रहावर अडकलेल्या वाचकाला फ्लॉइड नावाचा बालिश यंत्रमानव भेटतो. तो सतत सोबत असतो, मध्येच बडबडतो. इतकेच नव्हे, तर वाचकाने खेळाची स्थिती जतन करण्याची निव्वळ तांत्रिक आज्ञा दिली, तरी आता काही धोक्याचे करायचे आहे काय, अशा उत्सुकतेने तो तीत लक्ष घालतो. पुढे एका धोकादायक प्रयोगशाळेतून आवश्यक वस्तू आणण्यासाठी तो आपण होऊन आत जातो. त्या प्रसंगी दार उघडण्याची आणि त्याच्यामागे ते बंद करण्याची आज्ञा वाचकालाच टंकित करावी लागते. फ्लॉइडचा मृत्यू निवेदक सांगतो. दार मात्र वाचकाने लावलेले असते. वर्णन हृद्य आहे म्हणून नव्हे, तर साध्या क्रियापदाची जागा नेमकी निवडली आहे म्हणून हा प्रसंग परिणाम साधतो. खेळाच्या अखेरीस फ्लॉइड दुरुस्त होऊन परततो, ही लोकप्रिय अभिरुचीशी केलेली तडजोड होय. तथापि तिने त्या दाराचा अर्थ पुसला जात नाही.

याच काळात प्रस्थापित साहित्यिकही या रूपाकडे वळले. पुढे १९९७ मध्ये अमेरिकेचे राजकवी झालेले रॉबर्ट पिन्स्की यांनी 'माइंडव्हील' (१९८४) लिहिला. डग्लस ॲडम्स यांनी त्याच वर्षी मेरेट्झ्की यांच्यासमवेत स्वतःच्या विनोदी कादंबरीला खेळाचे रूप दिले.

४

ब्रायन मोरिआर्टी यांच्या 'ट्रिनिटी' (१९८६) या खेळात ही शक्यता पूर्णत्वाला गेली. त्याचा विषय अण्वस्त्रांचा इतिहास. लंडनच्या केन्सिंग्टन बागेत, अणुयुद्ध सुरू होण्याच्या क्षणी, कथानक आरंभ पावते आणि नागासाकीसह निरनिराळ्या स्थळकाळांतून १६ जुलै १९४५ च्या न्यू मेक्सिकोतील पहिल्या चाचणीपर्यंत पोहोचते. दोन हजारांहून अधिक शब्द पार्सरला परिचित होते. पण या विपुल शब्दसंग्रहातील एक क्रियापद निर्णायक ठरते. मार्गात एक लहानशी सरड्यासारखी पाल वाचकाच्या हाती येते. पुढे जाण्यासाठी तिला ठार मारल्यावाचून गत्यंतर नाही, आणि ते कुणा पात्राकरवी घडत नाही. 'मार' हा शब्द वाचकाने स्वतः टंकित करावा लागतो.

हजारोंच्या संहाराविषयीच्या कृतीत एका क्षुद्र जिवाचा हा वध का यावा? उत्तर व्याकरणात आहे. अणुसंहाराची भाषा कर्तृलोपाची आहे : चाचणी 'झाली', बॉम्ब 'टाकण्यात आला'. आज्ञार्थाला अशी पळवाट नसते. इंग्रजीतील द्वितीय पुरुषी सर्वनाम लिंग, वचन आणि आदरार्थ यांविषयी मौन पाळत असल्यामुळे कोणताही वाचक त्यात विनासायास सामावतो. मराठीत हे मौन शक्य नाही; 'तू उभा आहेस' की 'उभी आहेस', 'तू' की 'तुम्ही', याचा निर्णय पहिल्याच वाक्यात करावा लागेल. मात्र 'मार' या आज्ञार्थात मराठीतही लिंगभेद नाही. जबाबदारी निर्विशेष आहे. शेवटी कथानक वाचकाला पुन्हा केन्सिंग्टन बागेतच आणून सोडते. इतिहास बदलण्याचे स्वातंत्र्य त्याला मिळत नाही, केवळ त्यात सहभागी असल्याची जाणीव मिळते.

५

यावर एक आक्षेप संभवतो. सर्व उत्तरे पूर्वलिखित असल्यामुळे वाचकाचे स्वातंत्र्य हा आभास आहे. नेमके क्रियापद न सापडल्यास तो केवळ चाचपडत राहतो. आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे. पण 'ट्रिनिटी'त हीच मर्यादा आशय बनते, हे ध्यानात घेतले पाहिजे. रूपाची उणीव अर्थवाही करणे हे सर्जनशील लेखनाचेच कार्य होय.

इन्फोकॉम १९८६ मध्ये ॲक्टिव्हिजनच्या मालकीची झाली आणि १९८९ मध्ये तिचे केंब्रिज येथील कार्यालय बंद झाले. चित्रांचे आकर्षण आणि संस्थेचे फसलेले व्यावसायिक उपक्रम ही त्यामागील कारणे सर्वश्रुत आहेत. व्याकरणातील बदलाकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. १९८७ च्या 'मॅनियॅक मॅन्शन'मध्ये क्रियापदांची यादी पडद्यावरच आली आणि वाचक माऊसने त्यांतून निवड करू लागला. १९९० च्या 'मंकी आयलंड'मध्ये संवादांची संपूर्ण वाक्येच निवडीसाठी मांडली गेली. या खेळांतील विनोद अस्सल आहे; २०१९ च्या 'डिस्को इलिसियम'पर्यंत निवडीच्या या पद्धतीने समर्थ गद्य निर्माण केले आहे. परंतु यादीतून वाक्य निवडणारा वाचक संमती देत असतो. वाक्य स्वतः टंकित करणारा ते उच्चारत असतो. संमती आणि उच्चार यांतील हे अंतर केवळ सोयीचे नाही, नैतिक आहे.

मेरी ॲन बकल्स यांनी 'ॲडव्हेंचर'वर प्रबंध लिहिला तो १९८५ मध्ये. एस्पेन आर्सेथ यांनी वाचकाच्या श्रमाची मीमांसा केली ती १९९७ मध्ये. या अभ्यासांनी वाचकाच्या कृतीला सिद्धान्तात स्थान मिळवून दिले. लेखकाच्या कृतीचे वर्णन अजून व्हावयाचे आहे. या खेळांतील लेखक कथा सांगत नव्हता आणि सजवतही नव्हता. वाचकाच्या तोंडी कोणते क्रियापद यावे आणि ते उच्चारल्यावर त्याला काय ऐकावे लागावे, हे तो ठरवत होता.