मुलाखतीच्या फेऱ्या किती? हा हिशोब एकदा झालाय

पोस्ट जरा लांब आहे. पण घरात नोकरी शोधणारं पोर असेल तर वाचाच.

नोकरीच्या नावाखाली उमेदवाराचा घाम काढायची पद्धत आजची नाही. १९२१ साली अमेरिकेत एडिसनने, हो, विजेच्या दिव्यावाल्या एडिसननेच, आपल्या कंपनीत येणाऱ्या पदवीधरांसाठी दीडशेच्या आसपास प्रश्नांचा पेपर काढला होता. फ्रान्सला लागून कोणते देश आहेत? व्होल्गा नदी कुठे आहे? उत्तम कापूस कुठे पिकतो? त्याचं म्हणणं असं की, ज्या अधिकाऱ्याच्या लक्षात काही राहत नाही तो कंपनीला महागात पडतो. बहुतेक जण आपटले. त्यातल्या एका नापास उमेदवाराने आठवले तेवढे प्रश्न सरळ न्यूयॉर्क टाइम्सला दिले आणि देशभर चर्चा झाली. (पत्रकार म्हणून मला हा गडी फार आवडतो.) आइन्स्टाइन तेव्हा अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. बोस्टनमध्ये कोणीतरी त्यांना ध्वनीचा वेग विचारला. ते म्हणाले, पुस्तकात मिळणाऱ्या गोष्टी मी डोक्यात बाळगत नाही. म्हणजे एडिसनच्या दारातून आइन्स्टाइनही परत आले असते!

आता गूगल घ्या. २००४ साली कॅलिफोर्नियात हायवेवर एक मोठा फलक लागला. कंपनीचं नाव नाही, फक्त गणिताचं कोडं. ते सुटलं की एका वेबसाइटवर पुढचं कोडं, तेही सुटलं की मग कुठे 'बायोडेटा पाठवा'. आत गेल्यावर एकामागून एक मुलाखती, कधीकधी डझनाच्या वर, आणि निकालाला महिनोन् महिने. स्कूल बसमध्ये गोल्फचे चेंडू किती मावतील, असले प्रश्न. वर्षानुवर्षं नोकरी केलेल्या माणसालाही कॉलेजचे मार्क विचारायचे. आपल्याकडे चाळिशीतल्या माणसाला बारावीचे टक्के विचारावेत, तसंच.

गंमत पुढे आहे. गूगलने स्वतःच्याच हजारो मुलाखती तपासल्या. कोणी किती गुण दिले आणि तो माणूस पुढे कामात कसा निघाला, हे ताडून पाहिलं. चार मुलाखतींत निर्णय ८६ टक्के खात्रीने घेता येतो, असं निघालं. पाचवीपासून पुढे प्रत्येक फेरीमागे भर पडते ती जेमतेम एक टक्क्याची. तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये मुलाखतीत सांगून टाकलं की ती कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय, त्यातून फक्त विचारणाऱ्याला आपण हुशार असल्याचं समाधान मिळतं. कंपनीने फेऱ्या चारवर आणल्या, नव्याने पास झालेले सोडले तर मार्क विचारणंही थांबवलं. पण आधीच्या वर्षांत सातव्या-आठव्या फेरीपर्यंत खेटे घालून रिकाम्या हाताने गेलेल्यांचं काय? त्यांचा हिशोब कोणी केला नाही.

कारण सरळ आहे. फेरी वाढवली तर कंपनीच्या माणसाचा तास जातो, तोही पगारी. आपल्या पोराचा अख्खा दिवस जातो, वर एसटीचं भाडं, पुण्यात कुणाच्या तरी रूमवर मुक्काम, आणि आहे त्या नोकरीतली बिनपगारी रजा. अ‍ॅप्टिट्यूड, कोडिंग, टेक्निकल, मॅनेजर, एचआर. आणि एवढं करून 'कळवतो' म्हणून फोन बंद. अहो, कांदेपोह्यांच्या कार्यक्रमानंतरसुद्धा मध्यस्थामार्फत होकार-नकार कळतो. नकार द्यायला एक मेसेज लागतो, त्याला पैसे पडत नाहीत.

मला याच विषयावर सविस्तर लिहायचंय, त्यासाठी आपल्या तालुक्यातले आकडे हवेत. किती फेऱ्या झाल्या, किती दिवस गेले, किती खर्च आला, शेवटी उत्तर आलं का, एवढंच इनबॉक्समध्ये पाठवा. नाव छापणार नाही.