शिडाकडून सहा सिलिंडरकडे

अमेरिकेतल्या तरुणांना १९६० च्या दशकात एका वेडानं पछाडलं होतं. परवडणारी, मध्यम आकाराची मोटार घ्यायची आणि तिच्यात मावेल तेवढं मोठं इंजिन बसवायचं. आठवडाभर ती कामावर न्यायची आणि रविवारी पाव मैलाच्या सरळ धावपट्टीवर पळवायची. शेवरोलेनं १९६५ मध्ये आणलेलं अशा जातीचं एक इंजिन ३९६ घनइंचांचं, म्हणजे साडेसहा लिटरचं होतं.

याचा रायगडच्या किनाऱ्याशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध आहे तो मापाचा. अशोक लेलँडच्या ‘४००’ या इंजिनाच्या नावातला आकडाही घनइंचांचाच. ट्रकसाठी जन्मलेलं हे सहा सिलिंडरचं घराणं आपल्या देशात मच्छीमार नौकांच्या पोटातही जाऊन बसलं.

वेगाची गरज आपल्या किनाऱ्याला नवी नाही. कान्होजी आंग्र्यांची गलबतं शिडांवर आणि वल्ह्यांवरही चालत. वारा पडला की जड परदेशी जहाजं जागच्या जागी थांबत, पण वल्हवणारं गलबत पुढे सरके. थळ, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनच्या कोळ्यांना मात्र वेग हवा होता तो लढाईसाठी नव्हे, तर बाजारासाठी. मासळी वाट पाहत नाही. वाऱ्यानं दगा दिला तर ताजं पापलेट ससून डॉकला पोहोचेपर्यंत उतरत्या भावाचं होई.

स्वातंत्र्यानंतर होड्यांना यंत्रं बसू लागली. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्येच स्थापन झाली होती. देशी डिझेल इंजिनांचं युग सुरू होत होतं. सुरुवातीची इंजिनं लहान, एक-दोन सिलिंडरांची. पुढे सहकारी संस्थांमार्फत कर्जं मिळू लागली आणि सिलिंडर वाढत गेले.

खास समुद्रासाठी बनवलेलं इंजिन महाग पडतं. म्हणून ट्रकचं इंजिन होडीत बसवण्याची युक्ती अनेक किनाऱ्यांवर रूढ झाली. पण ट्रकमधून उचललं आणि होडीत ठेवलं, इतकं ते सोपं नाही. ट्रकच्या रेडिएटरला समोरून वारा मिळतो. होडीच्या पोटात तो कुठून येणार? तिथं समुद्राचं पाणी पंपानं खेचून इंजिनातलं गोडं पाणी थंड करावं लागतं. खारं पाणी सरळ इंजिनात खेळवलं तर ते आतून कुरतडलं जातं. ट्रकच्या गिअरबॉक्सच्या जागी फेरे कमी करणारा, उलटी चाल देणारा गिअर लागतो, कारण मोठा पंखा सावकाश फिरला तरच पाणी नीट ढकलतो. आणि ट्रकला उतारावर विसावा मिळतो. होडीला उतारच नसतो. म्हणून तेच इंजिन होडीत कमी फेऱ्यांवर आणि कमी ताकदीवर चालवतात. शेवरोलेचं साडेसहा लिटरचं इंजिन तीनशेहून अधिक अश्वशक्ती देई. त्याच मापाच्या होडीतल्या इंजिनाकडून त्याच्या निम्मीही मागत नाहीत. पहिल्याला काही सेकंद पळायचं असतं, दुसऱ्याला रात्रभर.

आता प्रश्न असा, की मोठ्या इंजिनानं होडी किती पळते? पाण्याचा कायदा इथं कडक आहे. जड लाकडी होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. पाण्याला टेकलेली लांबी ४९ फूट असेल तर साधारण साडेनऊ नॉट ही तिची वेस. त्या वेशीच्या अलीकडेही वेग सव्वापट करायला ताकद जवळजवळ दुप्पट लागते. वेशीजवळ तर इंजिन डिझेल पितं आणि होडी जागची फारशी हलत नाही.

मग मोठी इंजिनं आली कशासाठी? ओढण्यासाठी. आपलं पारंपरिक डोल जाळं खुंटाला बांधलेलं असतं. भरती-ओहोटीचा प्रवाहच बोंबील, जवळा त्यात आणून घालतो. तिथं इंजिन लागतं ते जाण्यायेण्यापुरतं. ट्रॉलचं जाळं मात्र तासन्‌तास ओढावं लागतं. एकानं शंभर अश्वशक्ती घेतली की शेजाऱ्याला कमी घेऊन चालत नाही. शंभर अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण ताकदीनं दहा तास चाललं तर सुमारे दोनशे लिटर डिझेल संपतं. मासळी मिळो न मिळो, ते पैसे द्यावेच लागतात.

शासनानंही लगाम घालून पाहिला. डिझेलवरच्या कराच्या परताव्यासाठी बरीच वर्षं १२० अश्वशक्तीची मर्यादा होती. पर्ससीन मासेमारीवर राज्यानं फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध आणले. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्रानं नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. तरीही या नियमांच्या अंमलबजावणीवरून किनाऱ्यावर तक्रारी होतच राहिल्या.

इंजिनाला मी दोष देणार नाही. वादळाची चाहूल लागल्यावर वेळेत बंदर गाठून देणारं यंत्र घराघराला प्यारं असणारच. पण अमेरिकेतल्या त्या शर्यतीत पाव मैलाची पट्टी ठरलेली होती. ती संपली की गाडी थांबे. आपल्या शर्यतीला अशी रेघ कुणी आखलेली नाही, आणि ज्या मासळीसाठी ती चालली आहे, तिची पैदास अश्वशक्तीनं वाढत नाही. पावसाळ्यातल्या बंदीत नौका किनाऱ्यावर ओढून इंजिनं उघडली जातात. पुढचं इंजिन केवढं घ्यायचं, हा हिशेब तेव्हाच मांडला जातो. तो एकेका नाखव्यानं एकट्यानं न मांडता साऱ्या कोळीवाड्यानं मिळून मांडला, तरच सगळ्यांना परवडेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)