बॅटरीचा दिवस आणि माणसाचा दिवस

आमच्या युनियनच्या कचेरीत घरपोच माल पोचविणारी मुले येतात. ती आधी भिंतीवरचा पॉइंट शोधून फोन लावतात आणि मग गाऱ्हाणे सांगतात. फोन बंद पडला की त्यांचे कामच बंद पडते. ‘बॅटरी उतरली’ हे वाक्य आपण सारेच दिवसातून एकदा तरी उच्चारतो. या लहानशा अडचणीलाही इतिहास आहे, आणि तो ऐकण्याजोगा आहे.

३ एप्रिल १९७३ रोजी मोटोरोला कंपनीच्या मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातल्या फोनवर पहिले संभाषण केले. त्या फोनचे वजन किलोभराहून अधिक होते. दहा तास वीज भरावी, तेव्हा कसेबसे अर्धा तास बोलता यावे, अशी त्याची अवस्था. पुढे १९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडचा उपयोग दाखविला, १९८५ मध्ये जपानात योशिनो यांनी लिथियमची सुरक्षित बॅटरी घडविली आणि १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. या दोघांना व्हिटिंगहॅम यांच्यासह २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. थोड्या वजनात पुष्कळ वीज मावू लागली.

मग संध्याकाळीच फोन का मान टाकतो? कारण वाढलेली शिदोरी आपण विश्रांतीसाठी राखलीच नाही. मोठा झगझगीत पडदा, सतत चालणारे इंटरनेट, क्षणाक्षणाला ठावठिकाणा कळविणारी यंत्रणा या सर्वांनी ती खाऊन टाकली.

मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासात असेच घडले आहे. सूर्य मावळला की काम थांबे, तोवर कामगाराच्या दिवसाला निसर्गाचीच मर्यादा होती. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कित्येक ठिकाणी दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. उजेड वाढला, पण तो कामगाराच्या वाट्याला आला नाही. अखेर १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांचा दिवस १२ तासांवर बांधला. दिव्याने जे लांबविले, ते कायद्याने आवरले.

एक फरक मात्र ध्यानात घ्यावा. मागाला लागणारी वीज गिरणी पुरवीत असे. ती कामगाराने घरून आणली, असे कधी झाले नाही. आज माल पोचविणारा मुलगा फोन स्वतःचा आणतो, जादा वीज साठविणारी पॉवर बँकही पदरच्या पैशाने घेतो आणि बॅटरी थकली की तिचा भुर्दंडही तोच सोसतो.

बॅटरी थकते हा रसायनाचा धर्म आहे. प्रत्येक भरणीगणिक तिची ताकद किंचित घटते. उन्हात तापल्याने आणि सदैव काठोकाठ भरून ठेवल्याने अधिक घटते. म्हणून फोन उन्हात ठेवू नये आणि शक्यतो वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान राखावा, हे खरे. परंतु पूर्वी नखाने झाकण उघडून नवी बॅटरी घालता येत असे. २००७ साली आयफोन बंदिस्त बॅटरी घेऊन आला आणि पुढे इतरांनीही तोच मार्ग धरला. हा रसायनाचा धर्म नव्हे, हा माणसांनी घेतलेला निर्णय होय. आणि माणसांनी घेतलेला निर्णय माणसांना बदलता येतो.

युरोपीय संघाने ते आरंभिले आहे. २० जून २०२५ पासून तेथे विकावयाच्या नव्या फोनची बॅटरी ८०० भरण्यांनंतरही निदान ८० टक्के ताकद राखणारी असली पाहिजे, असा नियम आहे. काही अपवाद सोडता, ग्राहकाला स्वतः बदलता येईल अशीच बॅटरी हवी, हा नियम फेब्रुवारी २०२७ पासूनचा म्हणून ठरविलेला आहे.

आपल्याकडेही ही मागणी झाली पाहिजे. तिच्याबरोबरच, ज्याचे काम त्याने कामाची वीज द्यावी, हीही. शास्त्रज्ञ बॅटरीचा दिवस वाढवीत राहतील. त्यातला किती वेळ आपला राहील, हे १९११ प्रमाणे आजही आपल्यालाच भांडून ठरवावे लागणार आहे.