समुद्र जिथं शांत दिसतो, तिथंच माणसं का बुडतात?

सलग सुट्टी आली की अलिबाग, मुरूड, दापोली, गणपतीपुळ्याच्या रस्त्यांवर गाड्यांची रांग लागते. आणि अधूनमधून त्यामागून एक बातमी येते. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ना वादळ होतं, ना पावसाळा. अशा बातमीखालची पहिली कमेंटही ठरलेली असते, "पोहता येत नव्हतं तर गेले कशाला?" पण समुद्रात बुडणाऱ्यांमध्ये चांगले पोहणारेही असतात.

लाटा सतत किनाऱ्याकडे पाणी लोटत असतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं आणि जिथं पाण्याखालची वाळू खोल असते, तिथून एकवटून अरुंद पट्ट्यातून आत जातं. याला म्हणतात रिप करंट. मेख अशी, की त्या पट्ट्यात पाणी खोल असल्यामुळे लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे गुळगुळीत पाणी. लहान मुलांना घेऊन उतरायला हीच जागा बरी, असं कुणालाही वाटेल.

जोरातला रिप करंट सेकंदाला दोन मीटरपेक्षाही जास्त वेगानं वाहू शकतो. ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल जिंकणारे साधारण त्याच वेगानं पोहतात. म्हणजे त्याच्या उलट किनाऱ्याकडे हात मारत राहणं हा दमून बुडण्याचा खात्रीचा मार्ग. हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, फक्त आत नेतो आणि लाटा फुटण्याच्या पट्ट्यापलीकडे त्याचा जोर ओसरतो. सापडलात तर तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, आणि अंगात ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडा.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. कोकणात जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. अगदी मिनिटावर नाही, पण अंदाज चुकत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबईजवळ पाणी चार मीटरपेक्षा जास्त चढतं. ते सारख्या वेगानंही चढत नाही. सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत सगळ्यात भराभर येतं. ओहोटीत खडकावर चालत गेलेला माणूस फोटो काढेपर्यंत मागची वाट पाण्याखाली जाते ती अशी.

पावसाळ्यात तर उतरूच नये, पण त्या दिवसांत आणखी पाहुणे येतात. ऑगस्ट २०१८ मध्ये जुहूला ब्लू बॉटलनं अनेकांना डंख मारले होते. गणपती विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर पाकटाच्या काट्यानं लोक जखमी झाले आहेत, म्हणून महापालिका तशा सूचना देते. डंखाची जागा चोळू नका. ब्लू बॉटलचे चिकटलेले धागे अलगद काढून समुद्राच्याच पाण्यानं धुवा. दोन्हीत सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवला तर वेदना उतरते. पाकटाचा काटा आत राहू शकतो, त्यामुळे दवाखाना टाळू नका.

ज्यांचं पोटच समुद्रावर

मासेमारी हा जगातल्या सर्वांत धोकादायक व्यवसायांपैकी एक मानला जातो. त्यात वादळाचाच वाटा आहे असं नाही. जाळं सोडताना दोरात पाय अडकतो आणि खलाशी जाळ्याबरोबर पाण्यात जातो. रात्री बोटीच्या कडेवरून तोल जातो आणि इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. लाइफ जॅकेट घालून जाळं ओढणं जमत नाही म्हणून ते केबिनमध्येच पडून असतं.

सर्वांत कमी बोललं जाणारं संकट म्हणजे बोटीतली माशांची बंद खोली. मासळी कुजली की तिथं हायड्रोजन सल्फाइड साठतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. आत उतरलेला खलाशी कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. झाकण उघडून भरपूर हवा खेळू देणं आणि बेशुद्ध माणसामागे तसंच न उतरणं, एवढं पाळलं तर हे मृत्यू टळतात.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात बॉम्बे हायजवळ 'पी-३०५' हा बार्ज बुडाला. त्यावरच्या २६१ जणांपैकी १८६ जणांना वाचवता आलं. त्यातले बरेच जण लाइफ जॅकेटच्या आधारावर खवळलेल्या पाण्यात तासन् तास तरंगत होते. आपला समुद्र कोमट असला तरी त्याचं तापमान शरीरापेक्षा कमीच, आणि पाणी हवेपेक्षा कितीतरी पटीनं वेगानं उष्णता ओढून घेतं.

कुणी बुडताना दिसलं तर

आधी ते दिसायला हवं. सिनेमातल्यासारखं कुणी "वाचवा" ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही. माणूस उभा असल्यासारखा दिसतो, गप्प असतो आणि मिनिटाभरात नाहीसा होतो.

त्याच्यामागे उडी मारू नका, एकाच कुटुंबातले दोघे-तिघे जातात ते यामुळेच. बंद झाकणाचा रिकामा कॅन, दोर, ओढणी, जे हाताशी असेल ते फेका. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. बाहेर काढल्यावर पोट दाबणं किंवा उलटं टांगणं याचा उपयोग नाही, त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. श्वास थांबला असेल तर तोंडानं श्वास देणं आणि छाती दाबणं, दोन्ही लागतं, कारण इथं शरीराला ऑक्सिजनच मिळालेला नसतो. शुद्धीवर येऊन बोलायला लागला तरी त्याला गाडीत बसवून घरी नेऊ नका. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो, म्हणून आधी रुग्णालय गाठा.