सोंगाचा सोस

मराठींत ‘सोंग’ हा शब्द निंदेचाहि आहे आणि कौतुकाचाहि. ढोंग्याला ‘सोंगें करूं नकोस’ म्हणून दटावतात. आणि नटानें भूमिका चांगली केली म्हणजे ‘सोंग छान वठलें’ असें म्हणतात. दुसऱ्याचें रूप अंगावर घेण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. परंतु घ्यावयाचें रूप मनासारखें होईपर्यंत त्यावर हात फिरवीत बसण्याचा सोस ही त्या हौसेची निराळीच शाखा होय. तिचें अगदीं अलीकडचें दर्शन घ्यावयाचें असेल, तर रात्रीं अकराच्या सुमारास ठाण्याच्या किंवा डोंबिवलीच्या एखाद्या बिऱ्हाडांत डोकावून पाहावें. शेवटच्या गर्दीच्या गाडीनें घरीं आलेला तरुण जेवण उरकून संगणकासमोर बसलेला असतो. साहसाचा खेळ विकत घेऊन तीन दिवस झालेले असतात. पण साहस अद्याप सुरू व्हावयाचें आहे, कारण नायकाचें नाक अजून ठरलेलें नाहीं. नाकानंतर भुवया, भुवयांनंतर कुळ आणि पेशा, मग बळ आणि बुद्धि यांची वांटणी. शेवटीं एक गुण चुकीच्या जागीं पडला असें वाटतें, आणि सारें पुसून पुनश्च हरिः ॐ.

हा दोष एकट्यादुकट्याचा नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्यें ‘बॉल्डर्स गेट ३’ हा खेळ प्रसिद्ध झाला. पहिल्याच शनिवार-रविवारीं खेळाडूंनीं केवळ पात्रें घडविण्यांत घालविलेला वेळ एकत्र मोजला तर तो ८८ वर्षें भरतो, असें तो खेळ करणाऱ्या बेल्जियममधील लॅरियन कंपनीनेंच जाहीर केलें. एक भरलेलें मनुष्यजीवन नाकडोळ्यांवर खर्ची पडलें, असा त्याचा अर्थ.

मुळांत या खेळांत एवढी निवड नव्हतीच. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनीं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फासे यांवर चालणारा खेळ काढला. बळ, बुद्धि, शहाणपण, चापल्य, काटकपणा आणि छाप असे पात्राचे सहा गुण. प्रत्येकासाठीं तीन फासे टाकावयाचे आणि येईल ती बेरीज मुकाट्यानें लिहून घ्यावयाची. पदरीं पडलें आणि पवित्र झालें, असा तो व्यवहार. तिन्ही फाशांवर सहा-सहा पडून अठरा येण्याचा योग २१६ वेळांत एकदां. साहजिकच कित्येकांच्या वांट्याला लुळेपांगळे वीर आले, आणि तक्रारी सुरू झाल्या. १९७९ च्या नियमग्रंथानें चार फासे टाकून सर्वांत लहान आंकडा वगळण्याची सवलत मान्य केली. पुढें हा खेळ संगणकावर गेला. संगणक थकत नाहीं, आणि ‘पुरे आतां’ म्हणणारा सोबती तेथें शेजारीं नसतो. १९९८ च्या पहिल्या ‘बॉल्डर्स गेट’मध्यें गुण पुन्हा पाडण्यासाठीं एक कळच होती, ती दाबीत लोक तास तास बसत. शकुनीला निदान हवें तें दान पहिल्या खेपेस पडे!

याच्या अगदीं उलट रीत जुन्या ठाणें जिल्ह्याच्या डोंगराळ भागांत आहे. जव्हार-मोखाड्याकडे (हा मुलूख २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत गेला) बोहाड्याच्या उत्सवांत रात्रभर देवदैत्यांचीं सोंगें नाचतात. कागदाच्या लगद्याचे मुखवटे. गणपति, नरसिंह, रावण, सारे ठरलेले. मुखवट्याचें नाक कसें असावें हा प्रश्न तेथें नाचणाऱ्यास कोणी विचारीत नाहीं, आणि त्यालाहि तो पडत नाहीं. वाद्यांचा ठेका धरला कीं पायांनीं सोंग पुरें करावयाचें.

या दोन टोकांच्या मध्यें, रूढीनें दिलेली भूमिका घेऊन तिच्या तपशिलावर आयुष्य आणि पैसा उधळणारा माणूस महाराष्ट्रानें पाहिला आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांचा जन्म २६ जून १८८८ चा. १९०५ सालीं ते किर्लोस्कर नाटक मंडळींत आले आणि शकुंतला म्हणून रंगभूमीवर उभे राहिले. पुरुषानें स्त्रीची भूमिका करण्यांत त्या काळीं नवें कांहीं नव्हतें. नवें होतें तें त्यांचें असमाधान. लुगडें भरजरी दिसून त्यांचें भागत नसे, तें खरोखरीच भरजरी असावें लागे. अत्तराचा सुगंध मागच्या रांगांपर्यंत पोंचो वा न पोंचो, तें उंचीच लागे. १९१३ सालीं गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. तेव्हांपासून या असमाधानाला आवर घालणारा मालक उरला नाहीं, कारण मालक तेच. तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष, अशी साथ त्यांनीं पुढें जमविली. १९१६ च्या ‘स्वयंवरां’तील रुक्मिणीनें तर कळस केला. घरंदाज स्त्रिया त्यांच्या नेसण्याची व केशरचनेची नक्कल करूं लागल्या. म्हणजे स्त्रीचें सोंग घेतलेल्या पुरुषाचें सोंग स्त्रियाच घेऊं लागल्या.

सगळीं सोंगें आणतां येतात, पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, ही म्हण मंडळीला लौकरच कळून आली. १९२० सालीं ‘द्रौपदी’ रंगभूमीवर आणतांना देखावे आणि पोशाख यांवर पैसा पाण्यासारखा ओतला गेला, आणि १९२१ पर्यंत मंडळी कर्जांत गळ्यापर्यंत बुडाली. पुढें कित्येक वर्षें रुक्मिणी आणि भामिनी सावकारांसाठींच गात होत्या, असें म्हटलें तर तें फारसें खोटें होणार नाहीं. याला निव्वळ उधळेपणा म्हणून निकालांत काढणारे पुष्कळ आहेत. पण उधळ्या माणूस स्वतःच्या चैनीसाठीं खर्च करतो. येथें खर्च झाला तो रुक्मिणीच्या आणि द्रौपदीच्या अंगावर. हिशेबाच्या वहींत दोन्हींचें कलम एकच पडतें, हें मात्र खरें, आणि मंडळींतील ज्यांची चूल त्या वहीवर पेटत होती त्यांना हा भेद समजावून सांगणें कठीण होतें.

तथापि याच नटाचें एक अत्यंत गाजलेलें सोंग ठिगळाच्या लुगड्यांतलें आहे. ‘एकच प्याला’ लिहून राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं वारले. नाटक रंगभूमीवर आलें तें त्यानंतर, फेब्रुवारींत, बडोद्यास. शालूची एवढी हौस असलेला माणूस सिंधूसाठीं फाटकें नेसून जात्याशीं बसला, आणि त्या ठिगळांवरहि लोक शालूइतकेच लुब्ध झाले. ठाण्यांत मासुंदा तलावाच्या कांठीं १९७८ पासून उभ्या असलेल्या रंगायतनाला गडकऱ्यांचें नांव आहे.

नाटकांतल्या सोसाला एक लगाम असतो, तो तिसऱ्या घंटेचा. कुंकू तिरपें लागलें असो कीं अंबाडा सैल असो, घंटा झाली कीं पडदा वर जातो. १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशीं बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग झाला. मूर्तिकारालाहि अशीच घंटा असते. गेटवे ऑफ इंडियासमोरचा शिवाजीमहाराजांचा अश्वारूढ पुतळा कल्याणचे शिल्पकार सदाशिव साठे यांचा. त्याचें अनावरण २६ जानेवारी १९६१ रोजीं झालें. माती ओली आहे तोंवर भुवई खालींवर करतां येते. धातु ओतल्यानंतर ती कायमची.

संगणकावरची माती मात्र कधींच वाळत नाहीं. इतकेंच नव्हे, तर ती ओली ठेवण्याचें मोल घेतलें जातें. २०२५ सालीं ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ या जपानी खेळांत नायकाचा चेहरा मागाहून बदलण्याची पहिली खेप फुकट आणि पुढच्या विकत, असा बेत ठेवण्यांत आला. सोंगाचा सोस येथें सावकाराकडे न जातां थेट दुकानांत जातो.

बालगंधर्वांनींहि एकदां आपलें सोंग मुळापासून बदलून पाहिलें. १९३५ सालीं प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ या बोलपटांत ते संत एकनाथ झाले: पुरुषवेष, आणि समोर प्रेक्षकांऐवजीं कॅमेरा. जरीकांठ नाहीं, अंबाडा नाहीं, टाळी नाहीं. प्रभातशीं ठरलेला पुढचा बेत मोडला, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर आलेला तो नट रंगभूमीवर परत येऊन पुन्हा लुगडें नेसून उभा राहिला.